स्वस्ताईचा हिशेब : रुपयात मांडावा की उसात?



चावडीवर, पारावर किंवा काट्यावर नंबर लागेपर्यंत चार वडीलधारी माणसे बसली, की एक विषय हमखास निघतो. "आमच्या वेळी शंभराच्या नोटेत घर चालायचं. आता हजार रुपये कुठे जातात कळत नाही." ऐकणारे माना डोलावतात. म्हाताऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण ते तपासून पाहिल्याशिवाय त्यावर आजच्या घरखर्चाचा विचार उभा करू नये, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट अशी, की रुपयाची रुपयाशी तुलना करून काही हाती लागत नाही. रुपया हे मापच आखूड होत आले आहे. आखूड झालेल्या गजाने कापड मोजले तर ते जास्तच भरणार! आपण ऊस पिकवणारी माणसे, तेव्हा उसाच्या टनानेच मोजू या. १९७४-७५ च्या हंगामात केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव ८.५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ८ रुपये ५० पैसे, म्हणजे टनाला ८५ रुपये होता. महाराष्ट्रातले कारखाने बहुधा त्याहून जादा देत. २०२५-२६ च्या हंगामाला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरला. उताऱ्याचा पाया वेगळा आहे, तेव्हा हिशेब ढोबळ समजावा.

आता खताचे पाहा. तेलाच्या जागतिक टंचाईनंतर १९७४ च्या जूनमध्ये युरियाचा सरकारी भाव टनाला २,००० रुपये झाला. म्हणजे ५० किलोच्या गोणीला शंभर रुपये. किमान भावाचा टनभर ऊस घालून एक गोणीसुद्धा पुरी येत नव्हती. आज ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आहे. टनभर उसात तेरा गोण्या येतात. यात सरकारी अनुदानाचा वाटा फार मोठा आहे हे खरे, पण त्या काळी खत स्वस्त होते असे मात्र कुणी म्हणू नये.

सोन्याचे उलट आहे. १९७४-७५ च्या सुमारास दहा ग्रॅम सोने पाचशे रुपयांच्या आसपास होते. सहा टन उसात येई, जादा भाव धरला तर त्याहूनही कमीत. २०२५ साली त्याच दहा ग्रॅमने लाखाचा आकडा ओलांडला. लाखच धरले तरी अठ्ठावीस टन ऊस झाला. इथे म्हातारी माणसे बरोबर आहेत, त्यांना हात जोडावेत.

पोटाच्या खर्चाचे काय? राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे १९७२-७३ साली, म्हणजे आपल्याकडे दुष्काळ पडला, खडी फोडायला बायाबापड्या गेल्या, सुखडी आणि मिलो खाऊन दिवस काढले त्या वर्षी, देशातल्या खेड्यातले कुटुंब खर्चाच्या रुपयातले सुमारे ७३ पैसे अन्नावर घालवत होते. २०२३-२४ च्या पाहणीत हा आकडा ४७ पैशांवर आलेला दिसतो. उरलेल्या पैशात कपडा, रॉकेल, औषध, लग्न, शाळा सगळे भागवायचे. तेव्हा उरत होते २७ पैसे, आज उरतात ५३. तरी ओढाताण जास्त वाटते, ती का?

कारण तेव्हाच्या घरात पुष्कळ गोष्टींना पैसाच पडत नव्हता. दळण घरच्या जात्यावर. घरात दहा-बारा खाणारी माणसे असली, की रोज चार-पाच किलो ज्वारी दळावी लागे, आणि ती दळायला घरची बाई कोंबड्याच्या आधी उठे. तिच्या त्या श्रमांची नोंद कुठल्याच वहीत नाही. पुढे इंजिनाची गिरणी आली, दळणाचे पैसे सुरू झाले आणि खर्च "वाढला". आता याला महागाई म्हणायचं का? जुन्या काळाची आठवण काढणाऱ्या बैठकीत आजीलाही एकदा विचारावं, जातं परत मांडू का म्हणून. काय उत्तर येईल ते सांगायला नको.

बलुत्याचेही तसेच. सुतार, लोहार, न्हावी, चांभार यांना रोख द्यावे लागत नसे, सुगीला खळ्यावर पेंढ्या आणि धान्य दिले की वर्ष निभावले. देणाऱ्याला ते सोयीचे होते. घेणाऱ्याच्या घरी मात्र वर्षभर राबून किती पदरात पडेल हे त्याच्या हाती नव्हते, आणि महार-मांगांच्या वाट्याला तर वेठही होती. कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना जुनी स्वस्ताई कशी आठवते, तेही ऐकण्यासारखे आहे.

दवाखान्याचा खर्च नव्हता, हेही आपण कौतुकाने सांगतो. पण १९७१ साली देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १२९ मुले वर्षाच्या आतच जात. २०२३ साली हा आकडा २५ होता. खर्च वाचला होता तो असा.

मग जुन्यातले चांगले काहीच नव्हते काय? होते की. एका चुलीवर पंधरा माणसे जेवत, त्यामुळे सरपण, दिवा, भांडी सगळे एकात भागे. आजारी माणसाला आणि तान्ह्या मुलाला सांभाळायला कोणी ना कोणी घरात असे. वाटण्या झाल्या तशी तीच जमीन तीन चुली, तीन मोटारसायकली आणि तीन कर्जखाती पोसू लागली. माझ्या मते खरी ओढाताण इथे आहे, बाजारभावात तेवढी नाही.

आणि लग्नात आहे. पाच लाखांचे लग्न म्हणजे वरच्या दराने १४० टन ऊस. एकरी चाळीस टन धरले तर साडेतीन एकरांचे सगळे उत्पन्न झाले, तेही बेणे, खत, पाणी, मशागत आणि तोडणी-वाहतूक न वजा करता. ज्याची जमीनच दोन एकर आहे, त्याने हा मांडव कशावर घातला?

तेव्हा सभासदांना सुचवावेसे वाटते, की या हंगामाचे बिल खात्यावर जमा होईल त्या दिवशी घरात एक साधी वही करावी. रुपयांच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखावा, त्यात तोच खर्च उसाच्या टनात लिहावा. किराणा किती टन, शाळेची फी किती टन, सोसायटीचा हप्ता किती टन. वही घरातल्या बाईच्या हाती द्यावी, आणि सोयरीक पक्की करायला जाण्याआधी ती एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्यावी.