धोत्रा : बांधावरचे विष धान्यात येऊ देऊ नका

धोत्रा सर्वांच्या परिचयाचा आहे. उकिरडा, पडीक जमीन व बांधावर तो पावसाळ्यात जोमाने वाढतो. महाशिवरात्रीला त्याचे फूल व काटेरी फळ महादेवाला वाहतात. वांगी, मिरची व टोमॅटोच्या कुळातील ही वनस्पती मात्र मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे.

विषबाधेची लक्षणे

धोत्र्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन व स्कोपोलामिन ही अल्कलॉइडे असतात. पोटात गेल्यावर साधारणतः अर्ध्या ते एक तासात तोंड व घसा कोरडा पडतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग लाल व गरम होते, नाडी जलद चालते, लघवी अडते. रोगी बरळतो, समोर नसलेल्या माणसांशी बोलतो, अंथरुणावर नसलेल्या वस्तू वेचू लागतो. हा भ्रम एक-दोन दिवस टिकू शकतो. विष जास्त गेल्यास बेशुद्धी येऊन मृत्यूही ओढवतो. प्रत्येक झाडातील विषाचे प्रमाण वेगवेगळे असल्याने नशेसाठी किंवा घरगुती औषध म्हणून धोत्रा घेणे धोक्याचे आहे.

धान्यातून धोका

युगांडातील करामोजा भागात २०१९ मध्ये मदत म्हणून वाटलेल्या मका-सोयाबीनच्या पिठातून सुमारे ३०० जणांना विषबाधा झाली व ५ जण दगावले. त्या पिठात धोत्र्याची अल्कलॉइडे आढळली. शिजवल्याने किंवा भाजल्याने असे धान्य सुरक्षित होते, असे समजू नये.

बियांची ओळख

धोत्र्याचे बी मिरचीच्या बियांसारखे चपटे दिसते. मिरचीचे बी फिकट पिवळे, गुळगुळीत व तिखट असते. धोत्र्याचे बी पिवळसर तपकिरी ते काळे, मूत्रपिंडाच्या आकाराचे व खडबडीत असते. ओळखण्यासाठी बी चाखून पाहू नये.

उपाययोजना

१) फुले येण्यापूर्वीच झाडे मुळासकट उपटावीत. एका फळात शेकडो बिया असतात व त्या जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात.

२) उपटताना हातमोजे वापरावेत. तो हात डोळ्यांना लावू नये.

३) फळे धरलेली झाडे उकिरड्यात किंवा कंपोस्ट खड्ड्यात टाकू नयेत.

४) कापणीपूर्वी, विशेषतः यंत्राने कापणी करावयाची असल्यास, शेतातून एक फेरी मारून धोत्रा काढावा.

५) सोयाबीन व मका योग्य चाळणीने चाळावा. बाजरीसारख्या बारीक धान्यातून हे बी वेगळे करणे कठीण असल्याने शेतातच बंदोबस्त करावा.

६) वैरण कापताना व रानभाजी खुडताना धोत्र्याची पाने मिसळू देऊ नयेत.

विषबाधा झाल्यास

रोग्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. घरी ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. शक्य असल्यास खाल्लेले बी, पान किंवा पीठ डॉक्टरांना दाखवावे. रोग्याला एकटे सोडू नये, कारण भ्रमात तो विहिरीकडे किंवा रस्त्यावर जाऊ शकतो. जनावरांच्या बाबतीत पशुवैद्यकास त्वरित बोलवावे.

खुरपणीच्या वेळी उपटलेले धोत्र्याचे एक झाड पुढे खळ्यावरची मोठी जोखीम टाळते, हे शेतकरी बंधू-भगिनींनी लक्षात ठेवावे.