मत आपले, जबाबदारीही आपली



नालासोपाऱ्याहून सकाळची लोकल पकडणारा माणूस पूर्वी शेजारच्याशी बोलत चर्चगेट गाठायचा. साहेब कसा वागतो, पगारवाढ का अडली, हे सारे त्या गप्पांत यायचे आणि गाडीतच राहायचे. आज तेच आपण मोबाईलवर लिहितो. कोणीतरी ते पुढे पाठवतो, ते साहेबांच्या टेबलावर पोहोचते आणि हातात नोटीस पडते. "मत माझे, मोबाईल माझा, मग नोकरीवर गदा का?" या प्रश्नाचा आज आपण थोडा अभ्यास करू या.

१. कायदा काय सांगतो?

नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याच रेल्वेमार्गावरील पालघरला, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिले म्हणून एका तरुणीला आणि तो मजकूर आवडल्याचे दर्शवणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. नागरिक म्हणून ही आपली मोठी कमाई आहे. परंतु नोकरीवर रुजू होताना ज्या अटींवर आपण सही करतो, त्या या निकालाने पुसल्या गेल्या नाहीत.

२०२३ सालचे दोन निकाल पाहा. हिताची अस्टेमो फाय या कंपनीत वेतनकराराचा वाद चालू असताना एका कामगाराने फेसबुकवर कंपनीविरुद्ध दोन पोस्ट टाकल्या. त्याला कामावरून काढले गेले. मुंबई उच्च न्यायालयात न्या. मिलिंद जाधव यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कंपनीविरुद्ध द्वेष भडकवणारे लिखाण वाजवी मर्यादेत बसत नाही, असा त्याचा आशय. त्याच वर्षी तमिळनाडू ग्राम बँकेच्या एका कर्मचाऱ्याने खाजगी व्हॉट्सअॅप ग्रुपवर वरिष्ठांच्या कारभाराची टर उडवली. त्याच्यावरील आरोपपत्र मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी रद्द केले. मनातली खदखद आपल्या माणसांत बोलून दाखवणे हा गुन्हा नव्हे, असे त्यांनी मानले.

सरकारी नोकरांवर बंधन अधिक आहे. राज्य शासनाने २८ जुलै २०२५ रोजी काढलेल्या निर्णयानुसार त्यांनी वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची आहेत, शासनाच्या धोरणांवर समाजमाध्यमांत टीका करायची नाही आणि गोपनीय कागद प्रसारित करायचे नाहीत. महानगरपालिकेतील व कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही तो लागू आहे.

२. विवेक काय सांगतो?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८४ साली एका निबंधात हाच प्रश्न हाताळला. कामावर असताना अधिकाऱ्याने हुकूम पाळावा, पण विचारी नागरिक म्हणून त्याच हुकमातील दोष जगापुढे मांडण्यास तो मोकळा असावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी धर्मगुरूचेही उदाहरण दिले आहे, तेव्हा आम्हीही यातून सुटलो नाही. अडचण एवढीच की कांट यांच्या काळी या दोन जागा वेगळ्या होत्या. आज गळ्यात कंपनीचे ओळखपत्र असलेला फोटो आणि त्याखाली आपले मत, दोन्ही एकाच पानावर असतात. बोलणारा नागरिक आहे की कंपनीचा माणूस, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ते स्पष्ट करणे आपल्यावर आहे.

आठवी आज्ञा समजावताना ख्रिस्तसभा दोन दोष वेगळे दाखवते. खोटे सांगून एखाद्याची बदनामी करणे हा एक. खरा असलेला दोष सबळ कारण नसताना, ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यापुढे उघड करणे हा दुसरा. "खरे तेच लिहिले" एवढे म्हणून आपण मोकळे होत नाही.

मग अन्याय गप्प बसून सोसावा काय? मुळीच नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कर्तव्ये दोन्ही बाजूंना सांगितली. कामगाराने कबूल केलेले काम प्रामाणिकपणे करावे, मालकाचे नुकसान करू नये. मालकाने रास्त मजुरी द्यावी, कामगाराला गुलाम समजू नये. तक्रार ऐकायला जागाच नसेल, तर ती मोबाईलवर फुटणारच. आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

३. आपण काय करावे?

लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे माझे मत आहे की विश्वासाने सोपवलेली माहिती? रुग्णाचे कागद, ग्राहकाचा हिशेब, विद्यार्थ्याचे गुण ही आपली मालमत्ता नव्हे. दुसरा प्रश्न, हेच मी त्या माणसासमोर बोलेन का? आणि तिसरा, याने दोष सुधारेल की फक्त माझा राग शमेल?

तक्रार खरी असेल, तर ती लेखी द्यावी आणि तिची प्रत जपून ठेवावी. युनियनकडे, कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावे. लैंगिक छळ असेल, तर २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे. तिथे जाणाऱ्या भगिनीला घरच्यांनी साथ द्यावी, "नोकरी सांभाळ" म्हणून गप्प बसवू नये.

मनन व चर्चेसाठी:
१. रागाच्या भरात लिहिलेला कोणता मजकूर आज आपण परत घेऊ इच्छितो?
२. आपल्या हाताखालची माणसे आपल्याशी मोकळेपणाने बोलू शकतात का?
३. सहकाऱ्याचा खाजगी मजकूर साहेबांना दाखवण्याचा मोह झाला, तर आपण काय करू?