पाट्यांचा धंदा : आधी कामं मोजा, मग कापायचं मशीन घ्या

दुकानाची पाटी, घराची नेमप्लेट, गाडीवरचं रेडियम, लोणच्याच्या बरणीचं लेबल ही कामं गटातल्या दोघी-तिघी मिळून करू शकतात. सांडोर, पापडी आणि वसई परिसरात दुकानं, बंगले, शाळा भरपूर. त्यात २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात बदल झाला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही आता देवनागरीत मराठी पाटी लावावी लागते, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. म्हणजे मराठी अक्षर सुबक कापून देणाऱ्याला काम आहे.

अडतं ते मशीनपाशी. प्रदर्शनात लेझर चालताना बघितलं की वाटतं, हेच घ्यावं. पण हप्ता गटाला भरायचा आहे. म्हणून आज कापायची साधनं एकेक करून समजून घेऊ.

१. हाताची साधनं

चांगला कटर, स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट. सनबोर्ड सरळ कापायला, स्टिकरच्या कडा छाटायला एवढं पुरतं. मोठं मशीन आलं तरी ही साधनं रोज लागतात. ब्लेड बोथट झालं की लगेच बदला. बोथट ब्लेडला जोर जास्त लागतो आणि हात त्यामुळेच कापतो.

२. कटिंग प्लॉटर

यालाच बाजारात रेडियम कटिंगचं मशीन म्हणतात. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं, बारीक ब्लेड ते विनाईलवर कापतं. जादा भाग आपण हाताने सोलायचा आणि अक्षरं टेपवर उचलून पाटीवर चिकटवायची. घरातल्या साध्या विजेवर चालतं, टेबलावर मावतं, धूर नाही.

सुरुवातीला २४ इंची प्लॉटर पुरतो. विनाईलचा रोल पुढे सरकत जातो, त्यामुळे दोन फूट रुंदीत आठ फूट लांब पाटीही निघते. साध्या विनाईलला ४५ अंशाचं ब्लेड, जाड किंवा चमकणाऱ्या रेडियमला ६० अंशाचं. ब्लेड बरोबर लागलंय का, हे असं ओळखा : विनाईल पूर्ण कापलं पाहिजे, खालच्या कागदावर मात्र फक्त हलकी रेघ उमटली पाहिजे. प्रत्येक नवीन रोलला आधी छोटा चौकोन कापून बघा.

बरण्यांची छापील लेबलं कडेने कापायची असतील, तर छापलेल्या खुणा ओळखून कापणारा प्लॉटर मागा. विकत घेतानाच हे विचारायचं, नंतर ही सोय बसवता येईलच असं नाही.

३. लेझर

अॅक्रिलिकची उठावाची अक्षरं, लाकडी नेमप्लेट, नक्षी यासाठी लेझर उत्तम. पण धूर बाहेर काढायला पंखा आणि पाइप लागतो, ट्यूब थंड ठेवायला पाणी लागतं, आणि ट्यूब काही काळाने बदलावी लागते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : लेझरखाली विनाईल आणि पीव्हीसीचा सनबोर्ड कधीच घालू नका. पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. डोळे, घसा आणि फुप्फुसं यांना तो घातक आहे, मशीनही गंजवतो. अॅक्रिलिक कापताना पेट घेऊ शकतं, म्हणून चालू मशीन सोडून चहाला उठायचं नाही. जिथे लहान मुलं वावरतात त्या खोलीत लेझर नकोच.

४. सीएनसी राउटर

एसीपी, जाड सनबोर्ड, लाकूड कापतो. आवाज मोठा, भुसा फार, जागा भरपूर. घरगुती सुरुवातीला याचा विचार नको.

मराठी अक्षराची खास परीक्षा

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. तशीच फाइल पाठवली तर प्रत्येक जोडावर ब्लेड फिरतं आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात. म्हणून कापण्याआधी सगळा शब्द ‘वेल्ड’ करून एकसंध करायला शिका. अनुस्वार सुटा राहतो, सोलताना तो आधी दाबून धरा. रंग मारायचा साचा कापायचा असेल तर व, ब, प, ठ यांच्या पोटातला भाग गळून पडतो, तिथे बारीक पूल ठेवावे लागतात.

दुकानदाराकडे मशीन बघायला जाल तेव्हा इंग्रजी नमुन्यावर समाधान मानू नका. ‘लक्ष्मी किराणा, गृहोद्योग केंद्र’ असे जोडाक्षरांचे शब्द समोर कापून मागा. शिकवणार कोण, दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येणार, ब्लेड जवळपास कुठे मिळतं, हेही लिहून घ्या.

हिशोब

समजा, लेझर २,१६,००० रुपयांचं आहे आणि तीन वर्षांत फेडायचं आहे. महिन्याला मुद्दलच ६,००० रुपये. व्याज, वीज, ट्यूबसाठी बाजूला टाकायची रक्कम मिळून आणखी ३,००० धरा. एकूण ९,००० रुपये.

आता समजा, एक पाटी बाहेरून कापून आणायला ३०० रुपये पडतात. ९,००० भागिले ३०० म्हणजे ३० पाट्या. महिन्याला अॅक्रिलिकच्या आठच पाट्या येत असतील, तर बाहेर कापून आणायचा खर्च २,४०० रुपये. मग बाहेरच कापून आणलेलं बरं. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे भागात लहान कारखाने पुष्कळ आहेत, तिथे जॉबवर्कची चौकशी करा. ऑर्डर आपली, डिझाइन आपलं, बसवणं आपलं, फक्त कापणं त्यांचं. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे घालून हाच भागाकार करा.

बहुतेक गटांनी प्लॉटरपासून सुरुवात करावी, ती या हिशोबामुळे. मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज असतं. किंमत त्यात बसते का, की गटाच्या बचतीतून भर घालावी लागेल, हे बैठकीत ठरवा.

आपली हवा

खाऱ्या वाऱ्याला साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि पाटीवर तांबडे ओघळ येतात, म्हणून स्टीलचे वापरा. बाहेरच्या पाटीला एमडीएफ नको, पावसात फुगतं. विनाईल लावताना पाटी पुसून पूर्ण कोरडी करा. रोल ओल लागणार नाही असा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

पुढच्या बैठकीसाठी गृहपाठ

१. आपल्या गावातल्या २० दुकानांच्या पाट्या बघा. किती रेडियमच्या, किती अॅक्रिलिकच्या, किती फ्लेक्सच्या?
२. त्यातल्या किती जणांना येत्या वर्षात पाटी बदलायची आहे? विचारून लिहा.
३. दोन दुकानांतून प्लॉटरचं आणि एका ठिकाणाहून लेझर जॉबवर्कचं लेखी कोटेशन आणा.
४. वरचा भागाकार वहीत मांडा आणि सगळ्यांसमोर वाचा.

ही वही भरल्याशिवाय कर्जाच्या अर्जावर सही करू नका.