समोर दुसरी भट्टी पेटली की

समोर दुसरी बेकरी उघडली की पहिला फोन गिऱ्हाइकाचा येत नाही, मंडळीतल्या माणसाचा येतो. "ताई, काळजी करू नका. आपले सगळे तुमच्याकडूनच घेतील. रविवारी सूचना वाचताना पाळकसाहेबांना दोन शब्द बोलायला सांगतो." बोलणारा मनापासून बोलत असतो, म्हणूनच त्याला नाही म्हणणं जड जातं. पण पडेगावात बेकरी चालवताना आणि दर रविवारी छावणीतल्या चर्चमध्ये बसताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. आपल्या ख्रिस्ती दुकानदाराला स्पर्धेच्या दिवसांत मोह होतो तो काटा मारायचा नाही, मंडळीलाच गल्ल्याशी आणून उभं करायचा होतो.

काट्याचं आधी उरकून टाकते. खोट्या वजनाबद्दल बायबलातल्या लेवीय, अनुवाद, नीतिसूत्रे अशा तिन्ही पुस्तकांत इतकं स्पष्ट लिहिलेलं आहे की तिथे विचार करण्यासारखं काही उरत नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक काटा दर 12 महिन्यांनी वैधमापनवाल्यांकडून तपासून शिक्का घ्यावाच लागतो. बंद पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख आणि आपलं नाव-पत्ता छापावा लागतो. हे सगळं केलं म्हणजे कुणी साधू होत नाही, दुकानदार होतो.

आता पडेगाव. नगर नाक्याकडून निघालेला रस्ता छावणी मागे टाकून पडेगाव, मिटमिटा करत दौलताबाद-वेरूळकडे जातो. सकाळी पाव न्यायला येतात त्यात फौजेतल्या घरच्या बायका, जयभीमवाले, मुसलमान, मराठे, वाळूजला पाळीला निघालेली पोरं, सगळेच. मंडळीतली घरं त्यात मोजकी. सूचनेच्या वेळी माझ्या बेकरीचं नाव घेतलं गेलं असतं तर आठवडाभर गल्ला बरा दिसला असता. पण "आपल्यानं आपल्याकडून घ्यावं" हे वाक्य एकदा चर्चच्या दारातून बाहेर पडलं की ते रस्ता ओलांडून प्रत्येक दारात जातं. मग मशिदीत, विहारात, मंदिराच्या पारावर कुणी तेच म्हटलं, तर मी कुठल्या तोंडानं तक्रार करणार? हिशेबानंही ते तोट्याचंच आहे.

दुसरं कारण जरा आतलं आहे. भक्तीपोटी घेणारं गिऱ्हाईक तक्रार करत नाही. खारी मऊ पडली, क्रीमरोलला खवट वास आला, तरी "ताईंचंच दुकान" म्हणून गप्प बसतं, आणि एक दिवस गपचूप यायचं थांबतं. चर्चमध्ये हात जोडून भेटतंच, दुकानात दिसत नाही. परक्या गिऱ्हाइकानं काउंटरवर पाकीट आपटलं तर माल सुधारतो.

म्हणून सूचना वाचू दिली नाही. पण मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे आलं ते मला विचारून आलं नव्हतं.

समोरची बेकरी मुसलमान माणसाची. आपल्या शहरात बेकरीचा बराच धंदा त्यांच्याच हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. नानखलियातलं नान काय कुणी कोकणातून आणून इथे रुजवलं नाही. ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्या गावचा, कधीचा, काही ठिकाण नाही. पीठ मळणारा कुणीतरी काहीतरी घाण करतोय असा. खाली मजकूर होता की अशांकडून घेऊ नका. आणि त्याच्याही खाली माझ्या बेकरीच्या पाटीचा फोटो, माझा नंबर आणि हात जोडल्याची चिन्हं.

मी टाकणाऱ्याला फोन केला, काढायला लावलं. पण काढून भागत नाही, कारण तोवर तो दहा ग्रुपांवर गेलेला असतो. म्हणून त्याच ग्रुपवर, माझ्या नावानं लिहिलं: हा व्हिडिओ समोरच्या बेकरीचा नाही, मी त्यांच्या भट्टीपाशी उभी राहिलेली आहे, माझ्या नावावर हे फिरवू नका. मग रस्ता ओलांडून गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं म्हणून. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "भाभी, ये तो दोपहर को ही आ गया था हमारे पास. आपका फोटो देखा, तो सोचे देखते हैं, आप आते क्या."

ते वाक्य मी विसरणार नाही. न जाता चाललं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते दोनदा वाचावं.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात इफिसचा देमेत्रिय सोनार येतो. तो अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे घडवणारा. पौलाच्या शिकवणीनं त्याचं गिऱ्हाईक तुटायला लागलं. त्यानं आपल्या धंद्यातले कारागीर गोळा केले आणि बोलायला सुरुवात केली ती पैशापासून: या कामावर आपलं पोट आहे, ते जाईल. मग हळूच देवी आणली. शेवटी सगळं शहर रंगशाळेत जमून दोन तास देवीच्या नावानं ओरडत होतं आणि त्यातल्या बहुतेकांना आपण कशाला जमलो हेही ठाऊक नव्हतं. आपण हा अध्याय संडेस्कूलपासून ऐकतो आणि दर वेळी पौलाच्या बाजूला बसून ऐकतो. दुकानदारानं तो एकदा देमेत्रियाच्या गादीवर बसून वाचावा. धंद्याची भीती धर्माचा अंगरखा घालून किती सहज बाहेर पडते, ते तिथे दिसतं. त्या शहराच्या कारभाऱ्यानं जमावाला सांगितलं तेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे: देमेत्रियाची कुणाविरुद्ध तक्रार असेल तर न्यायसभा उघड्या आहेत, तिथे जा.

आपल्याकडेही आहेत. दुसऱ्याच्या मालाबद्दल खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देऊन तो हिणवणं हे 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम 356खाली गुन्हा आहे. समोरचा खरोखर घाण माल विकत असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे आपल्या नावानं तक्रार द्यावी. निनावी अर्ज देऊ नये. ज्या तक्रारीखाली सही करायची हिंमत होत नाही ती बहुधा तक्रार नसते, जळफळाट असतो.

पुढे एका नाताळात आमच्याच केकबद्दल आवई उठली की त्यात रम आहे. काही मुसलमान घरांनी, काही माळकरी घरांनी घेणं थांबवलं. रम आम्ही घालत नाही, पण ते ओरडून सांगून पटत नाही. खोक्यावर घटक मोठ्या अक्षरांत छापले. अंड्याच्या केकवर चौकोनातला तपकिरी त्रिकोण ठळक केला, बिनअंड्याचे ट्रे आणि सुऱ्या वेगळ्या केल्या, आणि ज्याला बघायचं त्याला आत येऊन बघू दिलं. जे ख्रिस्ती बेकरीवाले रममध्ये मनुका भिजवतात त्यांनीही तसं लिहावं, त्यात लाज कसली? लपवलं तर मात्र लाज आहे.

घटकांवरून आठवलं, दुकानातल्या पाट्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. 2016 साली पावातल्या पोटॅशियम ब्रोमेटवरून देशभर गाजावाजा झाला आणि त्याच वर्षी एफएसएसएआयनं ते बंद केलं. त्यानंतर "आमच्या पावात ब्रोमेट नाही" अशा पाट्या लागल्या. कायद्यानं जे सगळ्यांनाच बंद आहे ते मी करत नाही, हे सांगण्यात माझ्या मालाची जाहिरात कुठे आली? ते शेजाऱ्याकडे दाखवलेलं बोट आहे. तसली पाटी कुणाकडे असेल तर उतरवून ठेवावी.

कारागिरांचा प्रश्न जास्त दुखरा. आमचा उस्ताद, खारीचे पदर ज्याच्या हातालाच सुटायचे, एका सकाळी समोरच्या भट्टीवर दिसला. घरातले म्हणाले, करार करून घ्यायला हवा होता, वर्षभर या रस्त्यावर काम करणार नाही असा. असा करार लिहून घेतला तरी उपयोग नाही. 1872च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 सांगतं की कुणाला आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. धंदाच नावलौकिकासकट विकला तर अपवाद आहे, मजुराला नाही. आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन, आधार कार्ड दाबून ठेवून माणूस बांधायची जी पद्धत आहे तिच्यापासून तरी आपल्या दुकानदारांनी लांब राहावं. मजुराची मजुरी अडवू नये हे शिकायला कायद्याची वाट बघायची गरज नाही. मी त्याचा राहिलेला पगार त्याच दिवशी चुकता केला. उचल शिल्लक होती, ती समोरच्यांनी भरली. मी मागायला गेले होते, हेही सांगते. चांगुलपणा म्हणजे येणं सोडणं नव्हे.

या बाबतीत थोरामोठ्यांचेही हात स्वच्छ राहिलेले नाहीत. इंग्लंडात कॅडबरी, राउंट्री आणि फ्राय ही तिन्ही चॉकलेटची घराणी क्वेकर पंथाची. क्वेकर दुकानदारांनीच सतराव्या शतकात घासाघीस सोडून एकच भाव सांगायची रीत धरली, लहान पोर आलं तरी तोच भाव. त्याच पंथातल्या देवभीरू जोसेफ राउंट्रीनं 1872 साली लंडनला जाऊन दुसऱ्यांच्या कारखान्यांतले कामगार गाठले आणि पैसे देऊन त्यांच्याकडून पाककृती मिळवल्या. त्याच्या स्वतःच्या टिपणवह्यांतच ते लिहिलेलं आहे. पुढे त्यानं कामगारांसाठी पुष्कळ केलं, पण वह्या राहिल्याच. समोरचा उस्ताद आपल्याकडे नोकरी मागायला आला तर त्याच्या हाताची कला घ्यावी, मालकाची वही मागू नये. "तिकडे मैदा किती पडतो, कुणाकुणाच्या लाईनवर माल जातो" हे विचारायची जीभ वळवळते. ती आवरावी.

आणि कोटेशन. यावर मला सगळ्यात कडक बोलायचं आहे, कारण हे आपल्या संस्थांमध्ये चालतं. एका वसतिगृहाला रोजचा पाव आणि टोस्ट हवा होता. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात. तिथल्या माणसानं, माझ्या भल्यासाठीच, सांगितलं: "तुमचं एक आणा, बाकीची दोन लेटरहेडं तुम्हीच कुठूनतरी आणा, भाव थोडा वर टाका." सगळे असंच करतात हे खरं आहे. आणि हेही खरं की ते सगळे मिळून पोरांच्या ताटातलं काढतात. आपसांत ठरवून निविदा भरणं 2002च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3मध्ये बसतं, पण मी कायद्याच्या भीतीनं नाही म्हटलं नाही. मी माझं एकच दिलं आणि दुसऱ्या दोन बेकऱ्यांची नावं सांगितली, समोरची धरून. काम तिसऱ्याला गेलं. कशानं गेलं ते मी विचारलं नाही. कुणी तुमचं लेटरहेड असं उसनं मागितलं तर देऊ नका, जिवलग असला तरी. तुमच्या नावावर कुणीतरी हरणार आहे आणि ते वसतिगृहातलं पोर आहे.

आता शेवटचा आणि फसवा भाग. व्हिडिओच्या प्रकरणानंतर समोरच्यांशी जाणं-येणं सुरू झालं. नाताळच्या आधी मंडळीतल्या बायका घरचं केकचं मिश्रण डब्यांत घालून भाजायला आणतात, दिवाळीत नानखटाईही येते. आमची भट्टी पुरेना तेव्हा त्यांच्याकडे ट्रे पाठवले, किलोमागे भाजणावळ त्यांची. रमजानमध्ये त्यांची गर्दी, तेव्हा आमची भट्टी दुपारी मोकळी असते. करिंथमध्ये पौल, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला एकाच धंद्यातले, राहुट्या करणारे, आणि एकाच घरात राहून काम करत होते, हे त्याच पुस्तकाच्या 18व्या अध्यायात आहे. त्याची मला आठवण झाली.

मग एक दिवस ते म्हणाले, "भाभी, अब लडना क्या. लादी का भाव एक कर लेते, दोनों दो रुपये बढाते." घरात सगळ्यांना हे शांतीचं वाटलं. मला पाच मिनिटं वाटलं. पण भट्टी वाटून घेतली तर गिऱ्हाइकाला केक वेळेवर मिळतो, भाव वाटून घेतला तर तीच दोन रुपयांची दोस्ती सकाळी पाव न्यायला आलेल्या बाईच्या पिशवीतून जाते. तिला या चहात कुणी बोलावलं नव्हतं. जुन्या मोंढ्यात मैदा चढला तर दोघांचेही भाव चढतील, ते आपोआप. ठरवून नाही. मी तसं म्हटलं, ते हसले. "आप की मर्जी."

गेल्या महिन्यात त्यांनी खारी किलोमागे वीस रुपयांनी उतरवली आहे. मी उतरवलेली नाही, मला त्या भावात परवडत नाही. दोन किराणावाले लाईन बदलून त्यांच्याकडे गेले. आठ दिवसांचा न खपलेला माल परत घ्यायची सवलत मी देते, ती ते देत नाहीत, हे मी उरलेल्यांना सांगून ठेवलं आहे, कारण ते खरं आहे आणि माझ्या मालाबद्दल आहे. नाताळच्या ट्रेंसाठी मात्र त्यांना आत्ताच विचारून ठेवलं. यंदा भाजणावळ वाढवणार म्हणतात.