गच्चीवरील सामुदायिक शेती : चेन्नईचा धडा

चेन्नईचा पावसाळा महाराष्ट्राच्या पावसाळ्याहून निराळा आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे १४० सेंटीमीटर पाऊस पडतो. परंतु त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तो चुकला म्हणजे पुढील उन्हाळा कठीण जातो. जून २०१९ मध्ये शहरास पाणी पुरविणारे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते. अशा शहरात भाजीपाला पिकविता येईल काय?

२०१३-१४ मध्ये तमिळनाडू शासनाने चेन्नई व कोइमतूर येथील नागरिकांस गच्चीवरील बागेसाठी सवलतीत साहित्य देण्याची योजना आखली. २०१९ नंतरच्या वर्षांत बेघरांचे निवारे व अंगणवाड्या येथेही अशा बागा करण्याचे प्रयत्न झाले.

गच्चीवर शेतातील माती पसरणे इष्ट नव्हे. पंधरा सेंटीमीटर जाडीच्या ओल्या मातीचा भार दर चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो होतो. म्हणून नारळाच्या काथ्याचा भुसा व कंपोस्ट खत यांचे मिश्रण पिशव्यांत भरतात. भुसा हलका असून पुष्कळ पाणी धरून ठेवतो. स्वयंपाकघरातील देठ व साली यांत वाळलेला पाला मिसळून हवा खेळती ठेविली, की सूक्ष्म जीव त्यांचे खत बनवितात. त्यातून नत्र, स्फुरद व पालाश ही द्रव्ये रोपांस परत मिळतात.

पाण्याचा हिशेबही सोपा आहे. शंभर चौरस मीटर गच्चीवर एक सेंटीमीटर पाऊस पडला, तर एक हजार लिटर पाणी मिळते. ते टाकीत साठवावे. भाज्या धुतलेले पाणीही रोपांस चालते. कुंडीतील मिश्रणावर पाल्याचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन मंदावते.

तथापि, या शेतीचा खरा आधार माणसांचे सहकार्य हाच होय. पिशवीतील मिश्रण थोडे असल्याने मे महिन्यात दोन दिवस पाणी चुकले तरी माठ व भेंडी कोमेजतात. एका कुटुंबास गावी जावे लागते. पाळी वाटून घेणाऱ्या दहा कुटुंबांची बाग मात्र जगते. गच्चीवर शहराचे धान्य पिकणार नाही. पण मुलांच्या ताटात ताजी पालेभाजी येईल, कचरा घरीच जिरेल आणि एका जिन्याने चढणारे शेजारी एकमेकांस ओळखू लागतील.