रडार डिटेक्टर घ्यावा का? ईस्ट कोस्टवर नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

लायसन्स हातात पडलं, गाडी दारात आली की पहिल्याच लाँग वीकेंडला नायगारा नाहीतर वॉशिंग्टन डीसीचा बेत ठरतो. त्याच सुमारास ऑफिसातलं कुणीतरी सुचवतं, "एक रडार डिटेक्टर घेऊन टाक, तिकिटाची कटकट नको." न्यू जर्सीत वर्षानुवर्षं मुरलेल्या मराठी कुटुंबांना आम्ही याविषयी विचारलं. घ्यायचा की नाही यावर घरटी वेगळं मत मिळालं. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: व्हिसावर असाल, तर या यंत्राच्या भरवशावर ॲक्सिलरेटर दाबू नका.

यंत्र नेमकं काय करतं

पोलिसांची रडार गन रेडिओलहरी सोडते. त्या गाडीवर आपटून परत येताना त्यांची वारंवारता बदलते आणि त्या फरकावरून वेग कळतो. डिटेक्टर हा त्या लहरी टिपणारा नुसता रिसीव्हर. हजार फुटांवर रडारचा झोत सुमारे 200 फूट पसरलेला असतो, त्यामुळे पुढच्या गाड्यांवर मारलेल्या रडारचा पसारा तुमच्यापर्यंत आधी पोचतो आणि यंत्र बोंब मारतं. पण अनेक ट्रूपर गन बंद ठेवून बसतात आणि गाडी टप्प्यात आल्यावरच बटण दाबतात. रस्ता मोकळा असेल, पुढे कुणी नसेल, तर पहिला नंबर तुमचाच.

शिवाय 24 गिगाहर्ट्‌झच्या के बँडवर पोलिसांखेरीज इतरांचीही वर्दळ असते. दुकानांची आपोआप उघडणारी दारं आणि शेजारच्या गाडीचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर यांच्यामुळे स्वस्तातलं यंत्र दिवसभर कोकलत राहतं. मग माणूस आवाज बंद करून टाकतो आणि खरी सूचनाही त्यात बुडते.

लेसरपुढे वरातीमागून घोडं

लेसर गन अदृश्य इन्फ्रारेड किरणं सोडते. हजार फुटांवरही तिचा झोत जेमतेम तीन-चार फुटांचा असतो. पोलीस नेम धरतो तो नंबर प्लेटवर किंवा हेडलाइटवर, आणि सेकंदभरात वेग नोंदवून मोकळा होतो. डिटेक्टर 'लेसर' म्हणून ओरडतो तेव्हा बहुतेक वेळा मोजणी झालेली असते.

जॅमरच्या वाटेला जाऊ नका

डिटेक्टर ऐकतो, जॅमर उलट मारा करतो. रडार जॅमर देशभर बेकायदा आहे. तो संघराज्याच्या दळणवळण कायद्याखाली येतो. लेसर जॅमर प्रत्येक राज्याच्या कायद्यावर अवलंबून. कॅलिफोर्निया, टेक्सस, इलिनॉय, व्हर्जिनिया अशा अनेक राज्यांत त्याला बंदी आहे. नंबर प्लेटवर लावायची काळी कव्हरं आणि चकाकणारे स्प्रे हेही विकत घेऊ नका. वाचता न येणारी प्लेट हे पोलिसाला थांबवायला आयतं निमित्त.

हद्द ओलांडली की कायदा बदलतो

खासगी गाडीत न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँडमध्ये डिटेक्टर चालतो. डीसी आणि व्हर्जिनियात चालत नाही. म्हणजे सकाळी घरून निघताना जे कायदेशीर होतं, ते दुपारी शेनँडोआची पानगळ बघायला पोचेपर्यंत गुन्ह्यात जमा. व्हर्जिनियात शिरण्याआधी यंत्राची वायर काढा आणि ते डिकीत, कुणाचा हात पोचणार नाही असं ठेवा.

नायगाराला कॅनडाच्या बाजूला जाणार असाल तर ते घरीच राहू द्या. ऑन्टारियोत यंत्र बंद असलं, बॅगेत असलं तरी गाडीत बाळगणं हाच गुन्हा. दंड होतो आणि यंत्रही जप्त होतं. क्यूबेकमध्येही बंदी आहे.

दंड हा सगळ्यात स्वस्त भाग

न्यू जर्सीत मर्यादेपेक्षा 14 मैलांपर्यंत जास्त वेगाला 2 पॉइंट, 15 ते 29 ला 4, त्यापुढे 5. तीन वर्षांत 6 पॉइंट झाले की राज्य वेगळा सरचार्ज लावतं, आणि इन्शुरन्सवाले आपला हप्ता वाढवतात तो निराळाच.

व्हर्जिनियाचं गणित याहून कडक. मर्यादेपेक्षा 20 मैल जास्त, किंवा कुठल्याही रस्त्यावर ताशी 85 मैलांच्या वर गेलात की ते नुसतं तिकीट राहत नाही. 'रेकलेस ड्रायव्हिंग' हा फौजदारी गुन्हा होतो. कमाल शिक्षा 12 महिने कैद आणि 2,500 डॉलर दंड. इतकी शिक्षा सहसा होत नाही, पण दोषी ठरलात तर नोंद राहते. व्हिसाच्या फॉर्मवर 'कधी अटक झाली होती का, दोषी ठरला होता का' हा प्रश्न असतो. म्हणून असं प्रकरण ऑनलाइन पैसे भरून मिटवायच्या मागे लागू नका. आधी तिथला ट्रॅफिकचा वकील गाठा, आणि इमिग्रेशनच्या वकिलालाही कल्पना द्या.

थांबवलंच तर

मागे दिवे लुकलुकले की उजवा सिग्नल देऊन कडेला थांबा. रात्र असेल तर आतला दिवा लावा. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आपल्याकडे हवालदाराने शिट्टी मारली की आपण उतरून "साहेब, जरा ऐका ना" करत त्याच्याकडे जातो. इथे दार उघडून उतरणं म्हणजे पोलिसाला धोका वाटणं. कागदपत्रं ग्लोव्ह बॉक्समध्ये असतील तर आधी सांगा, मग हात घाला. मागच्या सीटवर आईबाबा असतील तर त्यांनाही बसून राहायला सांगून ठेवा. चिरीमिरीचा विषय चेष्टेतही काढू नका. तो वेगळा, मोठा गुन्हा आहे. तिकीट हे गुन्ह्याची कबुली नव्हे, तेव्हा हुज्जत रस्त्यावर घालू नका, म्हणणं कोर्टात मांडा.

मग करायचं काय

वेझ आणि गूगल मॅप्सवर पुढे पोलीस असल्याची सूचना फुकट मिळते, आणि मॅपवर रस्त्याची वेगमर्यादाही दिसते. छोट्या गावाच्या वेशीवर 55 चे अचानक 35 आणि मग 25 होतात. तिकिटं जास्त करून तिथेच फाटतात, तेव्हा पाटीच्या आधीच पाय काढा. रस्त्याचं काम चालू असेल तिथे बऱ्याच राज्यांत दंड दुप्पट होतो. हायवेवर क्रूझ कंट्रोल लावा. "सगळेच जोरात चालले होते" हे कारण कोर्टात टिकत नाही. डिटेक्टरचे काहीशे डॉलर वाचले, तर त्यातून जाताना एक मुक्काम वाढवा. तिकिटं बहुतेक वेळा घाईलाच मिळतात.