मातीवरची गाडी : तीन पायऱ्यांचा पाठ



मातीच्या वाटेवर मोटरसायकल चालवायची हौस असलेला कुणीही भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, कुठली गाडी घेऊ?" मी उलट विचारतो, "पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं, पाय न टेकता तुला किती लांब जाता येतं?" समोरचा जरा गोंधळतो. पण बेळगाव-खानापूर पट्ट्यातली तांबडी माती, जांभा दगड आणि ओहोळ यांतून सुखरूप बाहेर काढते ती हीच कला. वेग तर डांबरीवर कुणालाही येतो.

अमेरिकेत वनखात्याच्या मोटरसायकल-वाटांवर पाट्या असतात. हिरवा गोल म्हणजे सोपी, निळा चौरस म्हणजे अवघड, पत्त्यातल्या चौकटसारखी काळी खूण म्हणजे सर्वांत अवघड. आपल्याकडे अशा पाट्या नाहीत. वाट वाचून पाटी आपणच मनात लावायची. अनेक जण मिळून निघाले असतील तर ती पाटी लावायची गटातल्या सर्वांत नवख्या माणसाकडे बघून. आजच्या पाठातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पहिली पायरी : पाणंद

बैलगाडीची जुनी वाट, सपाट मुरूम, कोरडी माती. इथं शिकायला भारी गाडी लागत नाही. हिमालयन २०० किलोच्या आसपास भरते, एक्सपल्स १५५ ते १६० किलो, आणि घरातली स्प्लेंडर त्याहून कितीतरी हलकी. पडलेली गाडी एकट्यानं उचलता आली पाहिजे, हा नवख्यासाठी चांगला निकष.

शिकायच्या गोष्टी तीन. एक, फूटरेस्टवर उभं राहणं. गुडघे किंचित वाकलेले, टाकीला हलके टेकलेले, कोपरं बाहेर. खड्ड्याचा धक्का मग पायांत जिरतो, पाठीत जात नाही. दोन, हाफ क्लच. रेस स्थिर ठेवून क्लचनं वेग कमी-जास्त करायचा. तीन, नजर. पुढच्या चाकाकडं बघू नका, दहा-पंधरा मीटर पुढं बघा. ज्या दगडाकडं टक लावून बघाल, त्याच दगडावर गाडी जाईल.

दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून पाणंदीतून येणारा गवळी कधी नीट बघितलाय? ना झटका, ना दणका. या पायरीचा तो खरा गुरू.

चाकोरीत चाक अडकलं तर घाबरून हँडल वळवू नका. गाडी तिथंच आडवी होते. चाकोरीतूनच सरळ चालवा आणि ती उथळ होईल तिथं बाहेर पडा.

दुसरी पायरी : चढ, उतार आणि ओहोळ

चढाला वेग पायथ्याशीच घ्यायचा. मध्येच गिअर बदलायची वेळ आली तर बहुधा चढ हुकतो. गाडी चढावर बंद पडली तर नवखा माणूस क्लच दाबतो आणि पुढचा ब्रेक धरतो. पण चढावर वजन मागं गेलेलं असतं, पुढचं चाक एकटं गाडी धरत नाही, गाडी मागं घसरायला लागते. म्हणून क्लच सोडलेलाच ठेवा. गिअरमध्ये बंद पडलेलं इंजिन मागचं चाक धरून ठेवतं. मग सावकाश उतरा, चढाच्या बाजूला.

उताराला पहिला किंवा दुसरा गिअर, क्लच सोडलेला, वजन मागं. इंजिनच निम्मा ब्रेक लावतं. पुढचा ब्रेक वापरायचा, पण दोन बोटांनी आणि हळूहळू. सुट्या खडीवर तो कचकन दाबला की पुढचं चाक निसटलंच.

ओहोळ आधी पायांनी ओलांडायचा, मग चाकांनी. तळाशी दगड किती, ओढ किती, ते पायालाच कळतं. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर परत फिरा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढा, प्लग काढून पाणी घालवा, मग बघा.

तिसरी पायरी : दगडांच्या पायऱ्या

पाण्यानं खोल चिरलेली वाट, सुटे धोंडे, शेवाळलेला जांभा. इथं आधी चालत जाऊन चाकाची रेषा ठरवायची. एकट्यानं इथं कधीच जाऊ नये. टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते, पण ट्यूबच्या टायरमध्ये फार कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटते आणि रिम वाकते. मी २२ ते २५ पीएसआयच्या खाली जात नाही आणि डांबरीवर आलो की पुन्हा भरतो.

व्हिडिओ बघून पुष्कळ जण थेट याच पायरीवर येतात. २०१५ साली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरलेला बंगळुरूचा सी. एस. संतोष त्याआधी कितीतरी वर्षं मोटोक्रॉसच्या मातीत घासला होता. व्हिडिओत तेवढं दिसत नाही.

गटाचे नियम

पुढं वाट माहीत असलेला, सर्वांत शेवटी सर्वांत अनुभवी. नवखा पुढच्याच्या लगेच मागं. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. हेल्मेट आयएसआयचं, पायात घोट्याच्या वरपर्यंत बूट, गुडघ्याला पॅड. घाटात फोनला रेंज नसते. पाय मोडला तर माणसाला उचलून डांबरीपर्यंत आणावं लागतं, हे निघतानाच डोक्यात असू दे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातली एक मुलगी उताराच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, "हे मला जमायचं नाही." दोघांनी लगेच सुरू केलं, "अगं, चल की, काय होतंय!" मी सगळ्या गाड्या वळवायला लावल्या. कुरकुर झाली. चहाच्या टपरीवर मात्र त्याच दोघांपैकी एक जण हळूच म्हणाला, "सर, खरं सांगू? मलाबी भ्या वाटत होतं." बोलली होती ती एकटीच. त्या दिवशी सर्वांत शहाणी तीच ठरली.

आणि वाट कुणाची?

पाणंद शेतकऱ्याची आहे. भाताच्या बांधावर चाक घालायचं नाही, गुरं दिसली की इंजिन बंद, फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. खानापूरकडचं भीमगड आणि गोव्याकडचं म्हादई ही अभयारण्यं आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथं परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. पावसाळ्यात सड्यांवर बारीक फुलं येतात. एका चाकोरीनं ती माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात वाहून जाते. म्हणून जून ते सप्टेंबर गाडी डांबरीवरच बरी. नोव्हेंबरपासून माती घट्ट होते, तेव्हा निघा.

घरचा अभ्यास असा : रिकाम्या मैदानात दोन दगड वीस पावलांवर ठेवा. पहिल्या गिअरमध्ये, उभ्यानं, पाय न टेकता, त्यांच्याभोवती आठाचा आकडा काढा. सलग दहा वेळा जमला की पहिली पायरी चढलात. गाडी कुठली, ते मग बघू.